मांजर घालवायच्या आधी घरातली हवा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत एका आईचा प्रश्न छापून आला होता. मुलाला दमा आहे, घरात मांजर आहे, काय करावं? उत्तर एका ओळीचं होतं: मांजर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. काही घरांत हे उत्तर बरोबरही ठरेल. पण त्या आईला काहीही न विचारता ते दिलं गेलं, याचं मला वाईट वाटलं. मुलाची ॲलर्जीची तपासणी झाली आहे का, मांजर कुठे झोपतं, घरात गालिचा आहे का, खिडक्या उघडल्या जातात का, कुणी सिगारेट ओढतं का, यातलं काहीच ठाऊक नसताना घरातला एक जीव बाहेर काढायला सांगणं मला पटत नाही.

मी श्वसनविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायला लावून केली जाणारी फुफ्फुसांची तपासणी, करते. रुग्णाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि 'जोरात फुंका, सोडू नका, अजून, अजून' असं म्हणत राहायचं, हे माझं रोजचं काम. दोन फुंकींच्या मधे दम खायला वेळ द्यावा लागतो आणि तेवढ्या वेळात माणसं घरातलं बोलतात. कुत्र्याला गॅलरीत बांधलंय, मांजराला गावाबाहेर सोडून आलो, पोपटाचा पिंजरा माळ्यावर ठेवलाय, असं कितीतरी ऐकलं आहे. सांगताना पुष्कळांचे डोळे भरून येतात. माझ्या स्वतःच्या मुलीला दमा आहे. आमच्या घरात मनी नावाची मांजर आणि राजा नावाचा म्हातारा कुत्रा आहे. मुलगी रोजचा प्रतिबंधक पंप न चुकता घेते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप मात्र आता बहुतेक वेळ खणातच पडून असतो. तिथवर पोहोचायला आम्हाला जे समजून घ्यावं लागलं, ते इतरांनाही समजावं म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्राणी पाळणाऱ्या घरात आपण दोन गोष्टींच्या मागे लागतो: केस आणि वास. सोफ्यावरचे केस उचलले आणि घरात छान वास सुटला की घर स्वच्छ झालं असं वाटतं. पण छातीत जाऊन त्रास देणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

मांजरीची ॲलर्जी मुख्यतः एका प्रथिनामुळे होते. त्याला 'फेल डी १' म्हणतात. ते मांजरीच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर आणि त्वचेवर वाळते, आणि त्या वाळलेल्या थराचे व त्वचेच्या कोंड्याचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. केस हे फक्त वाहन आहे. या कणांतला बराच भाग ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढा हलका कण खाली बसायला तासन्‌तास घेतो आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत जातो. धुळीतल्या माइट्सचे, म्हणजे गादीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांचे कण तुलनेने जड असतात. ते गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. म्हणूनच मांजरीची ॲलर्जी असलेल्या माणसाला एखाद्या घरात पाऊल टाकल्याबरोबर शिंका सुरू होतात, मांजर समोर नसलं तरीही.

शिवाय हे प्रथिन चिकट असतं. भिंती, पडदे, कपडे, सगळ्यावर ते बसतं आणि कपड्यांबरोबर प्रवास करतं. ज्या घरांत कधी मांजर नव्हतं तिथल्या धुळीतही ते सापडतं. स्वीडनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मांजरीची ॲलर्जी असलेल्या पण घरी मांजर नसलेल्या दमेकरी मुलांवर लक्ष ठेवलं होतं. ज्या वर्गात मांजर पाळणारी मुलं जास्त, त्या वर्गातल्या मुलांचा दमा सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर अधिक बळावला. हे वाचल्यापासून मुलीचे शाळेचे कपडे मी बंद कपाटात ठेवते आणि ते कपाट मनीसाठी वर्ज्य आहे. आपल्या मुलीसाठी तर हे हवंच, पण तिच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मुलासाठीही हवं.

कुत्र्यांच्या बाबतीतही असंच. त्यांचं मुख्य प्रथिन 'कॅन एफ १', तेही लाळेतून आणि कोंड्यातून येतं. त्यामुळे 'ॲलर्जी न करणारी जात' म्हणून महागडं पिल्लू विकत घेणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की अशी जात सिद्ध झालेली नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ साली या तथाकथित जातींची इतर जातींशी तुलना झाली. घरातल्या हवेतल्या प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्या जातींच्या केसांत तर ते उलट जास्त निघालं. केस भादरूनही उपयोग होत नाही. त्वचा आणि लाळ तशीच राहते, फक्त कुत्र्याचं ऊन-थंडीपासूनचं संरक्षण जातं. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत किंवा दोन मांजरींतही प्रथिनाचं प्रमाण खूप वेगळं असू शकतं. घरात आणण्याआधी त्याच प्राण्याबरोबर अनेकदा वेळ घालवून पाहणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग.

आता तपासणीबद्दल. दमा आहे आणि घरात मांजर आहे, एवढ्यावरून मांजर दोषी ठरत नाही. त्वचेवर टोचून केली जाणारी ॲलर्जीची चाचणी असते, रक्ताचीही असते. आमच्या मुलीच्या चाचणीत माइट्सची प्रतिक्रिया मोठी आली, मांजरीची त्याहून कमी, कुत्र्याची जवळपास नाहीच. ही चाचणी केली नसती तर राजाला उगाच घर सोडावं लागलं असतं. चाचणीचा निकाल आणि प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ डॉक्टरांनी घालायचा असतो, कारण चाचणीत प्रतिक्रिया येऊनही त्रास न होणारी माणसं असतात. पण निदान कशाशी लढायचं आहे ते तरी कळतं.

लढाईची पहिली जागा म्हणजे झोपायची खोली. दिवसाचा तिसरा हिस्सा माणूस तिथे घालवतो, तोंड उशीत खुपसून. मुलीच्या खोलीत मनीला प्रवेश नाही, दार दिवसाही बंद असतं. पहिले काही दिवस मनी दाराशी बसून ओरडायची, मुलगी आतून रडायची. त्यावर उपाय म्हणून बैठकीच्या खोलीत मनीसाठी खिडकीजवळ उंच फळी केली आणि मुलीने तिथे तिच्याजवळ बसायचं, मग हात-तोंड धुऊन आपल्या खोलीत जायचं, असं ठरवलं. मांजर खोलीत गेलं नाही तरी प्रथिन थोडंफार आत जातंच. म्हणून गादी आणि उशांना घट्ट विणीची, चेन असलेली आवरणं घातली. चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतो. त्याने माइट्स मरतात आणि मांजरीचं प्रथिनही धुऊन जातं.

दुसरी जागा म्हणजे गालिचा. गालिच्यात मांजरीचं प्रथिन गुळगुळीत फरशीच्या सुमारे १०० पट साठू शकतं, असं १९९१ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्याच अभ्यासात मांजर घरात ठेवूनच गालिचे आणि मऊ सामान कमी करणं, सफाई, हवा गाळणं आणि मांजरीला धुणं हे सगळं एकत्र केल्यावर हवेतलं प्रमाण पुष्कळ खाली आणता आलं. एकत्र हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. यातली एकच गोष्ट करून 'काही उपयोग झाला नाही' म्हणणारे मला रोज भेटतात. आम्ही गालिचा काढून टाकला, कापडी सोफ्याला धुता येणारी आवरणं शिवली, जाड पडद्यांच्या जागी पातळ, सहज धुता येणारे पडदे लावले. फरशी कोरड्या झाडूने झाडत नाही, कारण झाडूने जड कचरा गोळा होतो आणि हलका कण पुन्हा हवेत जातो. ओलं फडकं फिरवतो. साध्या व्हॅक्यूम क्लीनरचंही तसंच होतं: पुढून धूळ ओढतो आणि मागून बारीक कण हवेत सोडतो. घ्यायचाच तर हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या, फिल्टरचा घ्यावा, आणि तो चालवताना दमेकरी माणसाने त्या खोलीत थांबू नये.

प्राण्याला आंघोळ घालण्याबद्दल फार विचारलं जातं. कुत्र्याच्या अंगावरचं प्रथिन आंघोळीने घटतं, पण काही दिवसांतच पूर्ववत होतं. फरक टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा आंघोळ लागते, आणि ती त्याच्या त्वचेला सोसते का हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवावं. मांजरीला वारंवार आंघोळ घालणं तिच्यासाठी छळ आहे आणि परिणामही थोडेच दिवस टिकतो. आम्ही मनीला ओल्या फडक्याने पुसतो. ब्रशने केस विंचरायचं काम माझ्या नवऱ्याचं, तेही गॅलरीत. ज्याला ॲलर्जी आहे त्याने ते करू नये. मांजरीच्या खाण्यात अंड्यातली विशिष्ट प्रतिपिंडं घालून लाळेतलं प्रथिन निष्क्रिय करायचा मार्गही निघाला आहे. २०१९ मधल्या अभ्यासात तीन आठवड्यांनंतर केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालं होतं. पण प्रथिन निम्म्यावर आलं म्हणजे त्रासही निम्म्यावर येईल असं नाही.

खिडक्यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. मांजर पाळणारी पुष्कळ घरं, विशेषतः वरच्या मजल्यांवरची, मांजर पडेल या भीतीने खिडक्या कायम बंद ठेवतात. भीती खरी आहे. मांजरी पडतात आणि जबर जखमी होतात. पण त्यामुळे घरात साठलेलं सगळं घरातच राहतं: कोंडा, लिटरचा (मांजरीच्या शौचाच्या ट्रेमधल्या मातीचा) वास, स्वयंपाकाचा धूर, दमटपणा. मजबूत जाळी पक्की बसवली की मांजरही सुरक्षित राहतं आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडून वाराही खेळवता येतो. जाळीवर केस आणि धूळ बसते, ती अधूनमधून धुवावी लागते. बाहेर धूर किंवा धूळ असेल तर वेळ निवडावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी २४ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम अशी सांगितली आहे. बाहेरचा आकडा त्याच्या कितीतरी वर असताना खिडकी सताड उघडण्यात अर्थ नाही.

एसी लावला की हवा बदलते, हा समज मी रोज ऐकते. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. प्राणी असलेल्या घरात त्याची जाळी केसांनी लवकर भरते. ती काढून धुवायला फार वेळ लागत नाही.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण लोक सर्वांत जास्त पैसे इथे घालवतात. हेपा फिल्टर हा खराच चांगला असतो. ०.३ मायक्रॉनचे कण, जे पकडायला सर्वांत अवघड, त्यांतलेही ९९.९७ टक्के तो अडवतो. पण फिल्टर उत्तम असून भागत नाही, त्यातून हवा किती जाते ते पाहावं लागतं. तासाला किती स्वच्छ हवा मिळते हा आकडा, सीएडीआर, खोक्यावर असायला हवा. हिशेब सोपा आहे. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर तिच्यात ३६ घनमीटर हवा आहे. ती तासाला पाच वेळा गाळून निघायची तर यंत्राचा सीएडीआर तासाला निदान १८० घनमीटर असायला हवा. यंत्र जास्तीत जास्त वेगावर असतानाचा हा आकडा असतो. रात्री आवाज नको म्हणून सगळ्यात कमी वेगावर ठेवलं तर त्याचा थोडाच भाग मिळतो, म्हणून खोलीच्या मानाने थोडं मोठं यंत्र घ्यावं. आणि यंत्राला हवेत तरंगणारंच सापडतं. सोफ्यात, गादीत, पडद्यात बसलेलं त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

काही यंत्रं मात्र घरात आणूच नयेत. ओझोन सोडून हवा 'ताजी' करतो असा दावा करणारी यंत्रं प्राणी पाळणाऱ्यांना खास करून विकली जातात, कारण ती वास घालवतात असं सांगितलं जातं. ओझोन हा फुफ्फुसांना इजा करणारा वायू आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्पष्ट म्हटलं आहे की आरोग्याला सुरक्षित असलेल्या प्रमाणात ओझोन घरातली दूषित द्रव्यं फारशी काढू शकत नाही. म्हणजे त्याचा उपयोग व्हायचा तर आधी माणसाला आणि प्राण्याला त्रास होईल इतका तो सोडावा लागेल. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनला ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) अशी कायद्याने मर्यादा आहे. आयोनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारा भाग) असलेल्या यंत्रांतूनही थोडा ओझोन निघू शकतो. एक रुग्ण असं यंत्र घेऊन गेले आणि काही दिवसांत जास्त खोकत परत आले. बंद केल्यावर खोकला कमी झाला.

आता वासाकडे वळते. इथे नाक फसवतं. एखाद्या वासात माणूस सतत राहिला की त्याला तो जाणवेनासा होतो. घरातला लिटरचा वास आपल्याला येत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. बाहेरून येणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विचारावं. मांजरीच्या लघवीतल्या युरियाचं जीवाणू विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. तो डोळे, नाक आणि श्वासनलिका चुरचुरवतो. झाकणाच्या ट्रेमध्ये वास आपल्याला कमी येतो, पण आत बसलेल्या मांजरीच्या नाकाशी तो दाटून राहतो. मग ती ट्रेऐवजी दुसरी जागा शोधते. ट्रे उघडा, हवेशीर जागी आणि रोज साफ केलेला असावा, आणि घरात जितक्या मांजरी त्याहून एक ट्रे जास्त असावा. लिटर ओतताना पिशवी ट्रेच्या जवळ धरून हळू ओतावी, नाहीतर मातीच्या लिटरची धूळ आपल्या आणि मांजरीच्या नाकातोंडात जाते. बोक्याची नसबंदी केली की त्याच्या लघवीचा उग्र वास आणि ठिकठिकाणी फवारण्याची सवय, दोन्ही कमी होतात.

एक धोका मी मोठ्या अक्षरांत छापा अशी विनंती करते. प्राण्याने लघवी केलेल्या जागेवर ब्लीच कधीही ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात. डोळ्यांतून पाणी, खोकला, छातीत जळजळ, आणि प्रमाण जास्त असेल तर फुफ्फुसांना गंभीर इजा. बंद न्हाणीघरात ही गोष्ट अगदी सहज घडते. आधी शोषून घेणाऱ्या कागदाने लघवी टिपावी, पाण्याने पुसावं आणि मग एन्झाइम असलेलं क्लीनर वापरावं. त्यातली विकरं वासाचं मूळच तोडतात. मांजर असलेल्या घरात फिनॉलयुक्त फिनेलही नको. मांजरीच्या यकृतात फिनॉल निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते. पुसलेल्या फरशीवरून ती चालते आणि पंजे चाटते, एवढ्यानेही तिला विषबाधा होऊ शकते. टी ट्री तेलासारखी सुगंधी तेलं डिफ्यूझरमध्ये घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. रूम फ्रेशनर वास झाकतो, काढत नाही. लिंबूवर्गीय वासाच्या फवाऱ्यांतलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड तयार करतं, आणि दमेकऱ्याला नुसत्या फवाऱ्यानेही धाप लागू शकते.

झाडं लावून हवा शुद्ध होते, हेही फार ऐकू येतं. त्याचा उगम १९८९ च्या नासाच्या प्रयोगात आहे. तो बंद छोट्या पेट्यांमध्ये केला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं की साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. झाडं हौसेने लावावीत. पण मांजर असेल तर लिलीचं झाड किंवा फुलं घरात नकोत: फुलदाणीतलं पाणी किंवा अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होतात.

आपण सतत माणसाच्या छातीचा विचार करतो. त्याच हवेत प्राणीही श्वास घेतात, आणि ते जमिनीलगत, जिथे पावलांनी उडालेली धूळ सर्वांत दाट असते. रांगतं मूलही तिथेच असतं. साधारण १ ते ५ टक्के मांजरींना माणसासारखाच दमा असतो. मान पुढे ताणून, जमिनीला चिकटून मांजर खोकतं आणि घरचे समजतात की केसांचा गोळा अडकला आहे. सिगारेटचा धूर, लिटरची धूळ, फवारे यांनी हा दमा बळावतो. त्यावर आमच्या रुग्णांना देतो तसलाच इनहेलर, छोट्या मास्कच्या स्पेसरमधून (औषध आधी साठवून मग श्वासात देणाऱ्या नळीतून) देतात. धूर मांजरीच्या केसांवर बसतो आणि चाटताना पोटात जातो; २००२ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांना धूम्रपान करणाऱ्या घरांतल्या मांजरींत लिम्फोमा या कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. डासांच्या कॉइलचाही विचार व्हावा: एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले, असं २००३ च्या एका संशोधनात मोजलं गेलं. बंद खोलीत पलंगाखाली कॉइल आणि तिथेच कुत्र्याचं अंथरूण, हे अनेक घरांत असतं. खिडकीची जाळी इथेही कामाला येते.

पक्ष्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यांच्या फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा मिळते. त्यामुळे हवेतलं विषही ते आपल्याहून फार वेगाने शोषतात. विषारी वायूची सूचना आधी मिळावी म्हणून खाणीत कॅनरी हा छोटा पक्षी नेण्याची पद्धत यावरच उभी होती. ब्रिटनमध्ये ती १९८६ पर्यंत चालू होती. नॉनस्टिक तवा रिकामा आचेवर राहून फार तापला की त्याच्या थरातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरतो, माणसाला कदाचित काही जाणवतही नाही. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब हवा आणि पक्षी असलेल्या घरात नॉनस्टिक भांडी नसलेलीच बरी.

पक्ष्यांमुळे माणसाला होणारा आजार मात्र वेगळा आहे, आणि इथे मी माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध बोलणार आहे. कबुतरं, पोपट, कॉकॅटिल यांच्या विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासात गेली की काही जणांच्या फुफ्फुसांना सूज येते आणि पुढे ती आकसतात. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. माझ्यासमोर फुंकायला बसलेल्या अशा माणसाचा आलेख दमेकऱ्यापेक्षा वेगळा येतो: हवा बाहेर पडायला अडथळा नसतो, छातीत मावणारी हवाच कमी झालेली असते. या आजारात आलेलं आकसलेपण परत फिरत नाही. निदान पक्कं झालं तर पक्षी त्या घरात ठेवू नये, आणि पिसांच्या उशा-रजयाही काढाव्यात. म्हणून प्रत्येक जुन्या खोकल्याच्या रुग्णाला 'घरात किंवा खिडकीशी पक्षी आहेत का?' असं विचारलं गेलं पाहिजे. अनेकदा ते कुणी विचारतच नाही, आणि लोक आपणहून सांगत नाहीत, कारण पक्ष्याचा खोकल्याशी संबंध असेल हे त्यांच्या मनातही येत नाही.

सशाच्या किंवा गिनीपिगच्या पिंजऱ्यातलं ओलं अंथरूण रोज काढावं, अमोनियाने त्यांची स्वतःची फुफ्फुसं आधी बिघडतात. मासे पाळणाऱ्यांनी टाकीवर झाकण ठेवावं. बाष्पीभवनाने खोली दमट होते, ५० टक्क्यांच्या वर आर्द्रता सतत राहिली तर माइट्स आणि बुरशी फोफावतात. माशांच्या वाळवलेल्या खाद्यातल्या अळ्यांचीही काहींना ॲलर्जी असते.

हे सगळं करूनही एखाद्या मुलाचा दमा आटोक्यात येत नाही, चाचणी मांजरीकडेच बोट दाखवते आणि डॉक्टर सांगतात की आता पर्याय नाही. तेव्हा मांजरीसाठी चांगलं घर शोधावं. तिला कुठेतरी सोडून येऊ नये. आणि हे ठाऊक असावं की मांजर गेल्यावर घरातलं प्रथिन मांजर नसलेल्या घराइतकं खाली यायला पाच-सहा महिने लागू शकतात. दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून निराश होऊ नये आणि मूल बरं दिसतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता पंप बंद करू नये.

आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. प्राणी आणि श्वसनविकार यांवरचे प्रश्न येतात तेव्हा उत्तर छातीच्या डॉक्टरांनी आणि पशुवैद्यांनी मिळून द्यावं. एकाला रुग्ण माहीत असतो, दुसऱ्याला त्याच्या घरातला प्राणी. आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती स्वीकारताना त्यात सीएडीआर किती आणि यंत्र ओझोन सोडतं का, हे दोन तपशील छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी. आपलं वृत्तपत्र घराघरात जातं, म्हणून हे आपल्याकडेच मागत आहे.

आपली विश्वासू,
एक श्वसन-तपासणी तंत्रज्ञ